हळदीच्या शेडातलं विमान

माणसानं एकदा जमीन सोडायचं ठरवलं, की जगातली कोणतीही ताकद त्याला अडवू शकत नाही. वारंगा फाट्याच्या मसाजीला मात्र एका बटणानं अडवलं होतं. दाबलं, की काहीच होत नव्हतं.

ही गोष्ट २००४ च्या मार्चमधली. मसाजी वीस वर्षं फाट्यावर ट्रॅक्टर-जीपांचं वायरिंग करत आलेला. चार वर्षांपासून घरामागच्या शेडात तो विमान बांधत होता. सागवानी सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलं कापड आणि पुढं भंगारातल्या व्हॅनचं इंजिन. सांगाडा आणि पंखा तांड्यावरच्या धर्मसिंग सुतारानं केलेला. पण शेड मुळात हळदीचं, आणि यंदाची हळद शिजवायला आली होती. मसाजीच्या बायकोनं, सुभद्राबाईनं, निक्षून सांगितलं होतं, "आज दुपारपातूर इंजिन सुरू झालं तर ऱ्हाऊ द्या तुमचं पाखरू. न्हाई तर सांगाडा चुलाणात अन् इंजिन हळद पॉलिशच्या ड्रमाला."

ही नुसती धमकी नव्हती. मागं अशीच मुदत संपल्यावर तिनं त्यानं खोलून ठेवलेल्या टीव्हीच्या खोक्यात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली होती.

मसाजीनं सकाळीच विमान शेडाबाहेर ओढलं. स्विच बदलला, फ्यूज बदलला, स्टार्टर खोलून पुन्हा बसवला. बॅटरी ट्रॅक्टरला लावली, तर ट्रॅक्टर एका हाकेत सुरू. विमानाला लावली, की मेल्यागत. साडेअकरा वाजले. अर्धं गाव जमलं. चुलाणापाशी कुऱ्हाडही येऊन पडली.

"तुझं लाकूड ओलं हाय, धर्मसिंग," मसाजी वैतागून म्हणाला. "सगळा करंट पिऊन राहिलं."

"माझं लाकूड?" धर्मसिंग उसळला. "तीन उन्हाळे वाळवलंय, मसाजीभाऊ! रतीभर करंट जाणार न्हाई त्याच्यातून. लिहून देतो!"

"रतीभर बी न्हाई?"

"न्हाई म्हणजे न्हाई!"

मसाजीनं बॅटरीच्या काळ्या वायरीकडं बघितलं. वीस वर्षांच्या सवयीनं त्यानं ती बॉडीला कसली होती, चांगले दोन वायसर लावून. गाडीची बॉडी लोखंडाची. करंट तिच्यातूनच परत येतो, दुसरी वायर ओढायचं काम पडत नाही. इथं बॉडी धर्मसिंगची होती.

"काय बघून राहिले?" सुभद्राबाईनं विचारलं.

"काय न्हाई. सुतारकाम बराबर झालंय, तेच बघून राहिलो."

त्यानं कुणाला फारसं दिसणार नाही असा वाकून काळी वायर सोडवली आणि थेट इंजिनाच्या लोखंडाला आवळली. विमानाची चाकं दोरखंडानं बाभळीला बांधली. बटण दाबलं.

इंजिन असं डरकाळलं, की पुढची रांग मागच्या रांगेवर जाऊन पडली. पंखा दिसेनासा झाला. विमानाच्या शेपटामागं उभ्या असलेल्यांच्या टोप्या वावरात गेल्या. धर्मसिंग, सगळं आपल्याच लाकडानं केल्यासारखा, मिशीवर हात फिरवू लागला. मसाजीचे डोळे भरून आले. पाखरू वाचलं होतं.

धुरळ्यातून सुभद्राबाई तोंडाला पदर लावून जवळ आली. चार वर्षांत पहिल्यांदाच ती विमानाकडं मायेनं बघत होती. मसाजी कान पुढं करून वाकला.

"आवं," ती ओरडली, "तीन दिस झाले, वारं पडलंय. दोन पोते हरभरा उपणायचा ऱ्हायलाय. जरा याचं शेपूट खळ्याकडं फिरवता का?"