उलट्या मुलीचं मुखपृष्ठ

मी मुखपृष्ठ बोलतोय. मान वाकडी करून ऐका, नाहीतर राहू द्या. तुमच्यासाठी मी सरळ होणार नाही.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी निघणाऱ्या एका मासिकाचं मी तोंड. माझ्याआधी अकरा वर्षं दर महिन्याला तीच ती मुलगी छापत. केस चापूनचोपून बसवलेले, हातात पुस्तक, बत्तीस दात बाहेर. ती इतकं हसली, की छपाईयंत्राचा जबडा दुखायला लागला, असं आतली पानं सांगतात. खरंच असणार. आतल्या पानांना खोटं बोलायची सवय लागणार कशी? त्यांना कोणी उघडतच नव्हतं.

मासिकाच्या चित्रकारबाईंनी एकदा आपल्या भाचीला विचारलं, "तू का गं वाचत नाहीस आमचा अंक?"

"मावशी, मुखपृष्ठावरची ती हसरी बाई दात घासायला सांगते असं वाटतं," भाची म्हणाली. मैदानातल्या लोखंडी दांड्याला गुडघे अडकवून ती वटवाघळासारखी लोंबकळत होती. केस जमिनीला टेकलेले, तोंड लालबुंद. "काढायचं तर मला अस्सं काढ!"

बाईंनी काढलं. तोच माझा जन्म.

संपादकांनी आधी मला फिरवून पाहिलं, मग स्वतःची मान फिरवून पाहिली. "मासिकाचं नाव सुलटं आणि पोरगी उलटी? लोक म्हणतील, छापखान्यात सगळे पेंगत होते!"

"म्हणू देत. म्हणायला तरी हातात घेतील."

"ठीक. पण गठ्ठे परत आले, तर पुढच्या अंकापासून आपली हसरी मुलगी. आणि तुम्ही जाहिरातींच्या चौकटी आखत बसा."

बाईंनी मान डोलावली. बोटं मात्र माझी कड चुरगळत होती. मी त्याच हातात होतो, मला विचारा.

मग आम्ही स्टॉलवर पोचलो. स्टॉलवाले काका भला माणूस. मला बघून त्यांना दया आली. "अरेरे, पोरगी उलटी छापली गाढवांनी!" असं म्हणत त्यांनी आमची अख्खी रांग फिरवली आणि दोरीला चिमटे लावून टांगली. मुलगी झाली सरळ, नाव गेलं तळाला, खाली डोकं वर पाय, आणि तिचे केस थेट आभाळात!

दुपारी बाई पाहायला आल्या आणि जागीच थिजल्या. "अहो काका, हे काय केलंत? सरळ करा!"

तेवढ्यात शाळा सुटली.

"ए, हिला शॉक बसलाय बघ!"

"शॉक कसला! अंकच उलटा लावलाय. काका, तुम्हाला वाचता येतं ना?"

"फाजीलपणा नको! पोरगी सरळ दिसत नाही का तुला?"

"मग नाव?"

भांडण जुंपलं. कोणी मला चिमट्यातून ओढलं, कोणी फिरवलं, कोणी स्वतःच खाली डोकं करून पाहिलं. काका ओरडले, "घ्यायचा असेल तर हात लावा!" आणि पोरांनी घेतला की! माझ्या आडून आतली पानं पहिल्यांदा उघडली गेली. मला सरळ करायला पुढे केलेला हात बाईंनी हळूच मागे घेतला.

एकही गठ्ठा परत गेला नाही.

संपादक खूश. "मी म्हणतच होतो! आता दर महिन्याला उलटी मुलगी."

"नाही," बाई म्हणाल्या. "म्हणजे अकरा वर्षं पुन्हा तेच. पोरं एकदा मान वळवतात, रोज नाही."

या वेळी त्यांच्या बोटांनी कुठलीच कड चुरगळली नाही.

आता मी भाचीच्या कपाटाच्या दारावर आहे. सकाळी तिचे बाबा "काय हा अवतार!" म्हणत मुलीला सरळ करून मला चिकटवतात. संध्याकाळी भाची मला पुन्हा फिरवते. या ओढाताणीत माझा एक कोपरा गेलाय.

अजून तीन आहेत. लावा हात!