सरजाबाईच्या खुंटीवरचा शब्द

अमानतदार, नाम. पेडगावात या शब्दाचा अर्थ विचारला तर लोक अर्थ सांगत नाहीत, घर दाखवतात. सरजाबाईचं.

दसरा झाला की ऊसतोडीला निघालेली माणसं घराला कुलूप घालतात आणि चावी तिच्या हाती देतात. तिला वाचता येत नाही. म्हणून ज्या घरची चावी, त्या घरच्या जुन्या लुगड्याची चिंधी चावीला बांधायची. यंदा खुंटीवर अठरा चिंध्या आहेत.

शब्दाचं मूळ बबिताने सांगितलं, तेही सरजाबाई चावी द्यायला काही केल्या बधेना तेव्हा. ऊसतोडीला गेलेल्या तात्यारावची ही लेक परभणीला राहून नर्सिंग शिकली. नागपूरच्या एका दवाखान्यात तिची निवड झाली होती, उद्या कागदपत्रं दाखवायची होती. आणि बारावीचा मेमो, म्हणजे गुणपत्रक, बापाने पेटीत घालून घर बंद केलेलं. जाताना सरजाबाईला बजावलेलं, "मावशी, पोरीलाबी चावी देऊ नका. लय लांब जायलीय ती."

"आजी, अमानत म्हंजे काय, ठावं हाय का?"

"शिकीव बाई. चाळीस साल नुसत्या चाव्याच टांगल्या मी."

"अरबी शब्द हाय. मुळात त्याचा अर्थ, भ्या नसणं. ज्याच्यापाशी ठेवलं की जिवाला घोर न्हाई, तो अमानतदार."

सरजाबाईने खुंटीकडे पाहिलं. तिकडे उसाच्या फडात तात्याराव बिनघोर होता, तिच्या जिवावर. इथे पोरीच्या तोंडचं पाणी पळालेलं.

आणि बापाने नको म्हटलेलं असताना कुलूप उघडल्याचं गावात कळलं तर? पुढच्या दसऱ्याला खुंटी रिकामी.

तिने चावी काढली. बबिताच्या हातात दिली नाही. स्वतः गेली, कुलूप उघडलं, पेटीतून मेमो काढून पोरीला दिला, कुलूप लावलं.

"आता लाव बापाला फोन."

"आजी, नको ना!"

"लाव म्हन्ते."

सरजाबाईने घडलं ते सांगताच तात्याराव तिकडून कडाडलाच. "मावशी, तुमच्यावर इस्वास ठिवला व्हता मी!"

"चावी तुजी, ती माज्यापाशीच हाय. पर कागद तिचा व्हता, तात्याराव. दुसऱ्याची वस्तू तू माज्याकडं अमानत ठिवलीस. ती मी जिची तिला दिली. पटत नसल तर चावी दुसरीकडं ठीव."

पलीकडे कोयत्यांचा आवाज येत राहिला. मग तात्यारावने विचारलं, "गाडी कितीची हाय तिची?"

"ते तिलाच इचार," म्हणत सरजाबाईने फोन बबिताच्या कानाला लावला.