दीड मिलिमीटर

भट्टीवाल्या काकांना तेलाच्या टाकीवरून हटवायचं की नाही, हे माझ्या एका आकड्यावर ठरणार होतं. लालभडक दांडे तेलात बुडवले की तडकत होते आणि मॅनेजरसाहेबांना कुणाचं तरी नाव हवं होतं.

दांड्याच्या पृष्ठभागातून उष्णता किती वेगानं निघते, ते थेट मोजता येत नाही. बाहेर तापमान मोजणारी तार लावली तर तेल आधी तारेलाच गार करतं. म्हणून चाचणीच्या दांड्यात भोक पाडून पृष्ठभागाखाली तीन मिलिमीटरवर ती तार बसवायची आणि आतून बाहेरचा हिशेब उलटा मांडायचा. घरातल्या गडबडीवरून दारात कोण आलंय ते ओळखायचं, तसं.

आकडा भलताच मोठा आला. म्हणजे तेल फार जोरात घुसळलं जात होतं आणि दांडे झपाट्यानं गार होऊन तडकत होते.

“काका, टाकीतला पंखा वाढवलात?”

“एकवीस वर्षं त्याच खुणेवर आहे.”

“आकडा तसं म्हणत नाही.”

“मग म्हण की म्हातारा खोटं बोलतो!”

मी अहवाल लिहायला घेतला. तेवढ्यात लेथवाले दारात आले. त्यांना सगळे ‘चकचक’ म्हणत. त्यांच्या हातून खरखरीत वस्तू बाहेर पडत नसे. काकांत नि त्यांच्यात तर विस्तव जात नव्हता.

“बाई, तुमचा तो चाचणीचा दांडा... भोक पाडून झाल्यावर जरा बरा दिसावा म्हणून लेथवर एक हात फिरवला होता.”

“कितीसा?”

“थोडासाच.”

मोजला. सगळीकडून दीड मिलिमीटर गायब! तार पृष्ठभागाखाली निम्म्याच खोलीवर होती आणि मी तीन धरून बसले होते. खोली सुधारून हिशेब पुन्हा केला, तर आकडा मुकाट्यानं जागेवर आला. तेल नेहमीसारखंच होतं.

ते गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला असता? आभार मानायला तोंड उघडलं, तर म्हणाले, “आधी ते कागद फाडा.”

“चूक कुणाची?” साहेबांनी विचारलं.

“माझी. दांडा हातात आल्यावर मोजला नाही.”

काका टाकीवरच राहिले. तपासणीला आता पोलाद गेलं. संध्याकाळी काका लेथखात्यात शिरलेले दिसले.

“अरे, दांडा देखणा करायच्या नादात माझी नोकरी घालवत होतास!”

“सांगितलं ना मी?”

“सांगितलंस, म्हणूनच आलोय. सरक जरा, बसू दे.”