आहेराच्या टॉवेलची घडी कशी मोडली

मी आहेराचा टॉवेल बोलतोय. तुम्ही म्हणाल, टॉवेलला कसलं आलंय आत्मवृत्त? अंग पुसायचं, तारेवर वाळायचं, विरून जायचं, संपलं. पण ते साध्या टॉवेलचं. त्याला काम असतं. आम्हा आहेराच्या टॉवेलांना नुसता मान असतो, आणि त्या मानानं माझा जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

माझा जन्म सोलापूरचा, मागावरचा. पांढरं अंग, दोन्ही टोकांना लाल काठ. गठ्ठ्यातून शहागंजातल्या एका कापडाच्या दुकानात आलो. दुकानदारानं माझी घडी घातली, चकचकीत पिशवीत कोंबलं आणि घडी मोडू नये म्हणून कोपऱ्यात टाचणी टोचली. ती टाचणी पुढं कैक वर्षं माझ्या बरगडीत होती.

मला एकच हौस होती. एकदा तरी भिजावं. माणसाचा घाम कसा लागतो ते बघावं. पण कसलं काय! सांडू नावाच्या गिऱ्हाइकानं मला विकत नेलं आणि भावाच्या लग्नात फकिरा नावाच्या पाहुण्याच्या खांद्यावर ठेवलं, सोबत एक टोपी. फकिरानं मला पिशवीवरूनच चाचपलं, "चांगलाय" म्हणाला आणि पेटीत टाकलं. तिथून एका वास्तुशांतीला गेलो, मग एका जावळाला, मग कुणाच्या तरी निरोप समारंभाला. प्रत्येक ठिकाणी खांद्यावर घटकाभर बसायचं, फोटो निघाला की पुन्हा पेटी. एकदा तर फिरत फिरत सांडूच्याच घरी आलो. त्यानं मला उलटंपालटं केलं आणि बायकोला म्हणाला, असाच टॉवेल आपण फकिराला दिला होता. ती म्हणाली, सोलापुरी सगळे सारखेच दिसतात. मला तर ओरडावंसं वाटलं, अरे मीच तो!

शेवटी मी पुंडलिकनगरात वच्छलाबाईंच्या कपाटात स्थिरावलो. त्यांचे यजमान कडूबा वाळूजच्या कंपनीत कामाला. वाडवडील मेंढ्यांमागं हिंडलेले, त्यामुळे पाय काटक. त्यांची एकुलती एक लेक आशा. कॉलेजात असताना विद्यापीठामागच्या डोंगरावर ती रोज पहाटे पळायची आणि कडूबा तिच्या सोबतीला पळायचे. मग आशाचं लग्न झालं, वैजापूरला. सासरे बद्रीनाथ कांद्याचे मोठे बागायतदार. माणूस मनाचा मऊ, पण मानपानाला भलताच कडक. सासरी आशाला पळू नको असं कुणी म्हणालं नाही. फक्त लोक काय म्हणतील, एवढंच म्हणाले. तिचे बूट माळ्यावर गेले.

मग कोकणातल्या एका मॅरेथॉनचं निघालं. समुद्राला लागून डोंगर, डोंगरावर घनदाट जंगल आणि त्यातून चढउताराची पायवाट. आशानं धीर करून सासऱ्यांना विचारलं. बद्रीनाथांनी बराच विचार करून निवाडा दिला. वेळेत पोचलीस तर रोज पळ, मी चकार शब्द काढणार नाही. नाही पोचलीस तर हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही. आणि सुनेला जंगलात एकटीला कसं सोडायचं, म्हणून त्यांनी स्वतःचंही नाव घातलं! तयारी म्हणाल तर मार्केट यार्डापर्यंत चालत जाऊन यायचे.

व्याही निघाले म्हटल्यावर कडूबांना घरी बसून कसं चालेल? त्यांनीही नाव दिलं. आणि व्याह्यांना भेटायला रिकाम्या हातानं जायचं नाही, म्हणून वच्छलाबाईंनी पिशवी भरली. मी, एक टोपी, कुंकवाची डबी आणि नारळ. कोकणात घरून नारळ घेऊन गेलेला दुसरा माणूस मी तरी ऐकला नाही.

मान मुक्कामाच्या ठिकाणी सकाळीच करायचा होता. पण बद्रीनाथांना उठायला उशीर झाला, गडबडीत राहून गेला, आणि पिशवी खोलीत ठेवली तर माकडं नेतील असं कुणीतरी सांगितलं. कडूबांनी ती पाठीला बांधली. अशा रीतीनं मी आणि नारळ मॅरेथॉनला निघालो.

सुरुवातीच्या मैदानात तिघंही बरोबर होते. पण पायवाट सुरू झाली ती जेमतेम एका माणसाच्या रुंदीची. दोन्हीकडं करवंदीच्या जाळ्या, खाली लाल निसरडी माती. पायवाटेवर पहिलं पाऊल टाकायची वेळ आली तेव्हा कडूबा सवयीनं बाजूला झाले आणि म्हणाले, "पाव्हणं, चला तुम्ही म्होरं."

बस्स, तिथंच सगळं फसलं.

मुलाकडचे पुढं, मुलीकडचे मागं. जेवणाच्या पंगतीत हे ठीक आहे हो. पण इथं बद्रीनाथ पुढं, त्यांच्या मागं कडूबा आणि शेवटी आशा, अशी वरात त्या चढानं निघाली. बद्रीनाथ पळत होते असं मी खोटं कशाला सांगू? ते कांद्याचं पीक बघायला निघाल्यासारखे चालले होते. मागून परकी पोरं यायची, वाट मागायची. बद्रीनाथ मोठ्या मनानं जाळीत अंग चोरून त्यांना जाऊ द्यायचे. घरच्यांना मात्र वाट मागायची सोय नव्हती. व्याह्यांना मागं टाकून मुलीचा बाप पुढं गेला, हे वैजापुरात कळलं असतं तर पुढच्या सात लग्नांत तेच ऐकावं लागलं असतं.

हवा तर अशी दमट की विचारू नका. आमच्या मराठवाड्याचं ऊन भाजतं, पण घाम निदान वाळतो. इथं घाम निथळत होता. तिघंही बाहीनं तोंड पुसत होते. आणि मी पाठीवरच्या पिशवीत, कोरा करकरीत! कडूबांचा हात दोनदा माझ्यापर्यंत आला आणि आहेराचा आहे हे आठवून मागं गेला. मी अक्षरशः तडफडलो.

झाडांच्या फटीतून समुद्र दिसायला लागला तेव्हा आशानं घड्याळ बघितलं. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"अण्णा, खाली शेवटाला बाराला दोरी लावून वाट बंद करतात. जरा म्हणा ना मामांना."

"कसं म्हणू बाई? आपण मुलीकडचे."

ती नुसती पायांतल्या बुटांकडं बघत चालत राहिली. कडूबांनी मागं वळून तिचा चेहरा बघितला. त्या घटकेला त्यांच्या पाठीचे स्नायू कसे ताठ झाले ते मला पिशवीतून कळलं. पोरीचे बूट आज पुन्हा माळ्यावर चालले होते, आणि तेही आपल्याच रीतभातीपायी.

पुढं वळणावर वडाखाली एक सपाट दगड होता. तो दिसताच कडूबा जोरात म्हणाले, "पाव्हणं, थांबा. तुमचा मान राहिलाय."

"इथं?"

"मानाला जागा लागत नाय. बसा. तोंड पूर्वेला करा."

आता आमच्याकडं एक रीत आहे. टोपी-टॉवेलला कुणी बसवलं तर माणूस नाही म्हणत नाही आणि नारळ हाती पडेपर्यंत उठत नाही. बद्रीनाथ दगडावर बसले. कडूबांनी कुंकू लावलं, ते घामानं ओघळून नाकापर्यंत आलं. टोपी घातली. मग माझी पिशवी फाडली, टाचणी ओढली आणि मला झटकून त्यांच्या खांद्यांवर पसरलं. देवाशप्पथ सांगतो, एवढ्या वर्षांनी मी हातपाय लांब केले.

आशा लगेच पुढं झाली, सासऱ्यांच्या पाया पडली आणि वाकल्या वाकल्याच म्हणाली, "मामा, मी निघू पुढं?"

टोपी घातलेला माणूस कुणाला नाही म्हणतो? "जा बाई," ते म्हणाले. ते शब्द पुरते बाहेर पडायच्या आत पोरगी उतारावर दिसेनाशी झाली होती.

मग कडूबांनी भाषण सुरू केलं! बद्रीनाथांच्या आजोबांपासून. येणाऱ्या पोरांना वाटलं इथं खायला मिळतंय, तीही थांबली, टाळ्या वाजवून गेली. नारळ काही केल्या पिशवीतून निघेना. निघाला तो हातातून सुटला आणि घरंगळत जाळीत गेला. तो आणायला कडूबा इतके सावकाश गेले की मलाच हसू आवरेना.

शेवटी नारळ हाती आला. बद्रीनाथ मात्र उठले नाहीत. समुद्राकडं वळले आणि हळूच म्हणाले, "पाव्हणं, पहिल्या चढापासून बसायचं होतं मला. गुडघे लई बोलत होते."

"मग बसायचं की."

"तुमच्यासमोर? आम्ही मुलाकडचे ना."

कडूबांनी कपाळावर हात मारला. मग दोघंही त्या दगडावर शेजारी शेजारी बसून इतके हसले की वडावरची माकडंसुद्धा गप्प झाली. नारळ तिथंच फोडून खाल्ला.

ते दोघं खाली पोचले तेव्हा दोरी केव्हाच लागली होती. दोरीच्या आत वाळूत आशा बसली होती, गळ्यात पदक, अंगावर लाल माती, डोक्यापासून पायापर्यंत नुसती निथळत. ती लगबगीनं उठली आणि सासऱ्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. बद्रीनाथांनी खांद्यावरून मला काढलं आणि तिच्यापुढं धरलं.

"घे सूनबाई. तोंड पूस."

कडूबा कळवळले. "अहो, मानाचा टॉवेल हाय तो."

"व्हय. म्हणूनच तिला दिला."

आशानं तोंड माझ्यात खुपसलं. घाम कुठला आणि डोळ्यांतलं पाणी कुठलं, मला वेगळं करता आलं नाही. दोन्ही खारटच. माझं उभं आयुष्य ज्यासाठी खोळंबलं होतं, ते मला असं सगळं एकदम मिळालं. मी भिजलो हो, काठापर्यंत भिजलो.

आता मी वैजापूरला असतो. लाल काठाचा रंग गेलाय, मधे एक भोक पडलंय, साबणानं अंग मऊ झालंय. घरातल्या कपाटात दुसरा एक आहेराचा टॉवेल आलाय, पिशवीतला, टाचणीसकट. दार उघडलं की तो तारेवरच्या माझ्याकडं कीव आल्यासारखा बघतो. मला त्याचीच कीव येते. तुमच्याही कपाटात असा एखादा असेल. त्याची टाचणी तेवढी काढा, माझी एवढीच विनवणी आहे.

बरं, निघतो आता. फटफटलंय, आशानं बूट बांधलेत. आणि बद्रीनाथ अंगणातून ओरडतायत की सूनबाई, माझ्यासाठी थांबू नको, तू हो म्होरं.