फळी वरच राहिली

"फळी काढ रे, घोडी उतरू दे!"

सारंगखेड्याच्या यात्रेत एक व्यापारी ओरडला, मालमोटारीची फळी निघाली, आणि गर्दीत भजी खात उभा असलेला दोधू चावायचा थांबला. घोडी पांढरी की काळी, तेही त्याने पाहिलं नाही.

तीन वर्षांपूर्वी, साठ साली, पालिकेने गटारांचं पाणी गोमाई नदीत सोडणं बंद करून गावाबाहेर दोन हौद बांधले. घाण तळाला बसायची, वरचं पाणी मोतीलालभाईंच्या मळ्यातल्या केळीला जायचं. हौदाच्या तोंडाशी सागाची फळी होती. ती खाली असली की गटार हौदात, वर उचलली की थेट नदीत. पावसाळा आणि गाळ काढायचा दिवस सोडला, तर ती खालीच ठेवायची. दोधूची सगळी नोकरी या एका फळीवर उभी होती. त्याला मुकादम कोणी म्हणत नसे. तो आपला मनातल्या मनात स्वतःला म्हणून घ्यायचा.

काल फळी उचलून त्याने गाळ काढला. संध्याकाळी भावकीची गाडी यात्रेला निघालेली दिसली, तसा हा उडी मारून बसला. मुकादमसाहेबांची फळी वरच राहिली!

खालच्या अंगाला भिल्लांची वस्ती होती. तिथल्या बाया नदीच्या वाळूत झिरे कोरून प्यायचं पाणी भरत. हौद नव्हते तेव्हा पटकीच्या एका साथीत त्या वस्तीतली चार माणसं गेली होती. त्यातल्या दोन पोरी दोधूने येताजाता पाहिलेल्या होत्या. भज्यांचा पुडा तिथेच टाकून तो एस.टी.कडे धावला. फाट्यावर उतरून दोन कोस पळाला. आधी फळी खाली घातली आणि मग धापा टाकत वस्तीकडे निघाला. तिथून रडणं ऐकू येतंय का, म्हणून तो कान देत होता.

नदीत पाहतो तर झिरे वाळूने बुजवलेले, वर बाभळीच्या काट्या रोवलेल्या. शेजारी म्हातारी रूपलीबाई राखणीला बसली होती. वस्तीतल्या बायांची ती म्होरकी.

"माय, कोन्ही पिधं ते नही ना?"

"तांबडं फुटताच वास उना," रूपलीबाई म्हणाली. "मी कोन्हाले हात लावू दिधा नही. मोतीलालभाईना मयानी इहिरमातून पानी भरी लई उनूत. तू कोठे व्हता रे?"

"यात्राले गऊ व्हतू. फळी इसरी गऊ, माय."

"लेकरे मरी जातात मंग?"

दोधू मटकन वाळूत बसला आणि हुंदके देऊन रडला. एवढा बाप्या माणूस रडतो म्हणून त्याला लाजही वाटली नाही. कोणी प्यायलं नव्हतं! देवाने नाही, या म्हातारीच्या नाकाने त्याला वाचवलं होतं.

"रडी काय करस? ऊठ," ती म्हणाली. "वरला अंगले नवा झिरा कोर."

गटाराची मोरी नदीला मिळते तिच्या पार वर, स्वच्छ वाळूत त्याने हातांनीच खणायला घेतलं. नखं दुखली, कोपरापर्यंत हात गेला, तेव्हा कुठे पाणी लागलं. ते त्याने चार वेळा उपसून फेकलं. पाचव्यांदा तळातली वाळू दिसू लागली. एव्हाना बाया घागरी घेऊन जमल्या होत्या, पण एकही पुढे होईना.

रूपलीबाईने तांब्या भरला. "जो झिरा कोरस, तो पयले पेस. आमनी रीत शे."

गावात गटारवाल्या दोधूच्या ओंजळीत लोक वरून धार धरत. म्हातारीने तांब्या सरळ त्याच्या हातात दिला.

सगळ्या बाया त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्याने तांब्या तोंडाला लावला. पाणी गार होतं, गोड होतं, दाताखाली जरा वाळू कचकचली. शेवटच्या थेंबापर्यंत तो प्यायला.

मग बायांनी घागरी पुढे केल्या.