उलट्या नावाची परात

मी स्टीलची परात बोलतेय. खरं तर हे कुणाला सांगायचं नव्हतं. शरयूने मला तसं बजावलं नव्हतं, कारण परातीला कोणी बजावत नाही. पण अकरा वर्षं तिने मला स्टुडिओत प्लॅस्टरच्या पोत्यांआड ठेवलं, त्यावरून मी काय ते समजले.

माझा जन्म सांगलीचा. दुकानदाराने माझ्या तळावर आतून ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलं, 'सौ. नीला राजीव करमरकर, १९७८'. मग साड्यांच्या घड्यांत बसून मी न्यू जर्सीला आले. नीलाताई हॉस्पिटलात भूल द्यायच्या आणि रविवारी माझ्यात कणीक मळायच्या. दोन्ही कामं त्या घड्याळाकडे बघत करायच्या.

वेस्ट विंडसरला मंडळाच्या गणपतीत मी दरवर्षी जात असे. अकरा वर्षांपूर्वी तिथली भांडी सरलाकाकूंनी घासली. त्या नीलाताईंच्या इथल्या पहिल्या मैत्रीण. घासून झाल्यावर मी नीलाताईंच्या गाडीच्या डिकीत गेले आणि तिथून शरयूने मला उचललं. शरयू ही नीलाताईंची मुलगी, शिल्पकार. "आठवड्यात परत देईन," असं पुटपुटत तिने मला ट्रेंटनच्या स्टुडिओत नेलं.

शरयू शहराच्या जमिनीचे ठसे घेते. फुटलेला फुटपाथ, गटाराचं झाकण, बस स्टॉपवर चिकटलेलं च्युइंग गम. चारच दिवसांनी ती माझ्यात प्लॅस्टर कालवत होती, तेवढ्यात आईचा फोन आला. तिने स्पीकर लावला.

"सरलाला विचारलं, चुकून माझी परात तुझ्याकडे आलीय का? तर म्हणते, माझ्या स्वतःच्या तीन आहेत. अशी बोलते ती माझ्याशी. संपलं आता."

शरयूने तोंड उघडलं. मग म्हणाली, "ओके, मॉम."

तोवर प्लॅस्टर घट्ट झालं होतं. ठोकून काढलं तेव्हा गोल चकती निघाली, तिच्यावर माझं नाव उलटं. मागच्या बाजूला शरयूने रस्त्याचा ठसा जोडला. गॅलरीला ते फार आवडलं. मग नूअर्क, फिलाडेल्फिया, क्लीव्हलँड, प्रत्येक शहराची एक चकती झाली. एका समीक्षकाने लिहिलं, की ही शहराने पुसलेली लिपी आहे. कुठल्या मराठी माणसाला विचारावं, असं त्याच्या मनात आलं नाही.

आईला मात्र शरयूने एकाही प्रदर्शनाला बोलावलं नाही. "पार्किंग मिळत नाही," म्हणायची. तिकडे मंडळात नीलाताई मोदकांच्या टेबलापाशी उभ्या राहायच्या आणि सरलाकाकू पार दुसऱ्या टोकाला, पाण्यापाशी.

गेल्या महिन्यात नीलाताई फोनवर म्हणाल्या, "सरला घर विकून ओहायोला चाललीय, डब्लिनला मुलाकडे. जाऊ दे. माझी परात घेऊनच जाईल."

शरयूने प्लॅस्टरचे हात पुसले. मग म्हणाली, "मॉम, शनिवारी शो आहे. ये. पार्किंग आहे."

त्या शनिवारी तिने मलाही पांढऱ्या चौथऱ्यावर मांडलं, चकत्यांच्या रांगेत सगळ्यात शेवटी. नीलाताई पहिल्या चकतीपाशी थांबल्या. पर्समधून छोटा आरसा काढला आणि चकतीसमोर धरला. मग आरसा बंद करून सरळ माझ्याकडे आल्या.

"ही माझी परात."

"येस."

"अकरा वर्षं?"

"आय वॉज स्केअर्ड, आई."

नीलाताईंनी मला उचललं. पहारेकरी धावत आला, "मॅम, प्लीज डोन्ट टच."

"नाव वाच," नीलाताई मराठीत म्हणाल्या. मग मला काखेत धरून त्यांनी तिथेच फोन लावला.

"सरला, परात सापडली. शरयूने नेली होती."

नीलाताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकू येतंय ना?"

"येतंय. घासलेली आहे का?"

"नाही. प्लॅस्टर आहे."

"मग घेऊन ये. मी घासते. तुझ्याच्याने निघायचं नाही ते."

आता मी सरलाकाकूंच्या ओट्यावर आहे. बाजूला सामानाची खोकी बांधून ठेवलीत. काठाला थोडं प्लॅस्टर अजून आहे, ते दोघींच्यानेही निघालं नाही. ट्रक उद्या सकाळी येणार आहे. नीलाताई म्हणतात मी डब्लिनला जावं, सरलाकाकू म्हणतात माझ्या तीन आहेत. मला कोणी विचारलेलं नाही. शरयू पाटा पुसतेय. माझी विनंती एवढीच आहे, की कुणाचं भांडं सांगितल्याशिवाय नेलंच, तर निदान पहिला फोन आला की त्याच वेळी तोंड उघडून—

"शरयू, परात आण गं इकडे. पुरणपोळीची कणीक भिजवायची राहिलीय," नीलाताईंनी हाक मारली.