पहिल्या रांगेतली बाई

गेक सिमने नूडल्सचा पहिला घास तोंडात घातला आणि गल्लीच्या तोंडाशी लाउडस्पीकरची गाडी येऊन थांबली. "आज संध्याकाळी देवळासमोर! दिवंगत युए हुंग यांचं अजरामर गाणं, 'पलीकडचा दिवा'! गाणार आहेत त्यांच्या कन्या!" घास तसाच गालात राहिला. त्या कन्येला ही बातमी आत्ताच कळत होती.

"शेवटी गाणार तर!" नूडल्सवाली म्हातारी कढईवरून ओरडली. "मी म्हणतच होते, किती दिवस आईला घाबरशील? आता तर ती गेलीसुद्धा."

"गेली म्हणूनच तर भीती," असं पुटपुटत गेक सिमने वाडगा सारला आणि ती उठली. चिनी पंचांगातला सातवा महिना चालू होता. वर्षातून या एकाच महिन्यात खालचे दरवाजे उघडतात आणि गेलेली माणसं वर येतात, खातात, गाणी ऐकतात आणि महिना संपला की परत जातात. पिनांगमध्ये हे कुणी कुणाला सांगत बसत नाही. आई मार्चमध्ये गेली होती, म्हणजे हा तिचा पहिलाच सातवा महिना. जिवंतपणी जिने हे गाणं लेकीला शिवू दिलं नाही, ती आता हक्काच्या महिन्यात मुकाट ऐकून घेईल असं गेक सिमला मुळीच वाटत नव्हतं.

रंगमंचाच्या धंद्यात ज्याचं गाणं त्याचं, हा नियम आहे. कागदावर नाही, पण सगळे पाळतात. एखादं गाणं एखाद्या बाईचं ठरलं, की तिच्या हयातीत तिच्या गावात दुसरीने त्याला तोंड लावायचं नाही. 'पलीकडचा दिवा' शांघायहून तबकडीवरून आलं होतं. नदीच्या अलीकडे बाई उभी आहे, पलीकडे एक दिवा दिसतो, तो आपल्या माणसाचा की परक्याचा हे तिला कळत नाही, बस्स, एवढंच गाणं. ते युए हुंगने पिनांगच्या जत्रा-बागेत गायलं आणि ते तिचं झालं. शांघायच्या मूळ गायिकेचं नावसुद्धा इथे कुणी काढत नसे.

एकोणिसाव्या वर्षी गेक सिमने ते गायलं होतं. पिनांगमध्ये नव्हे, तीन तासांवरच्या ताइपिंगमध्ये, आईच्या कानावर जाणार नाही अशा हिशेबाने. पण कान आईचे होते. दुसऱ्याच दिवशी ती ताइपिंगला येऊन थडकली, रंगपटात शिरली आणि सगळ्या वादकांसमोर ओल्या टॉवेलने तिने लेकीच्या ओठांची लाली खसाखसा पुसून काढली. "माझ्या तोंडातला घास काढून घेतेस?" एवढंच म्हणाली. त्यानंतर गेक सिम बाकी सगळं गायली. लोकांनी फर्माईश केली की ती हसून टाळायची. पुढे आईचा आवाज गेला, तरी म्हातारी मंचावर चढायची, पहिली ओळ कशीबशी ओढायची आणि पुढचं गाणं लोक म्हणायचे. फेब्रुवारीत, अंथरुणाशी बसून, गेक सिमने शेवटी धीर करून विचारलं होतं, "आता मी गाऊ का गं ते?" आईने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

ती तरातरा देवळात गेली. अंगणात ताइ सू या, म्हणजे या महिन्यात भुतांवर लक्ष ठेवणारे देव, यांचा दुमजली घराएवढा कागदी पुतळा उभा होता आणि त्याच्या पायाशी समितीचे प्रमुख अंकल तिओ अननसांची रास रचत होते.

"अंकल, कुणाला विचारून जाहीर केलंत?"

"तुझ्या आईला विचारून," अंकल शांतपणे म्हणाले. "रीतसर कौल लावला. उदबत्ती लावली, तिचं नाव घेतलं, लाकडी फाका टाकल्या. एक पालथी, एक उताणी. म्हणजे हो."

"पहिल्याच खेपेला?"

अंकल तिओंना एक अननस अचानक वाकडा वाटू लागला. त्यांनी तो काढला, फिरवला, पुन्हा ठेवला.

"अंकल, पहिल्या खेपेला काय पडलं?"

"दोन्ही उताण्या."

"म्हणजे कौल नाही, नुसती हसली."

"हसणं वाईट नसतं गं."

"माझ्या आईचं हसणं तुम्ही पाहिलेलं नाही का? मग दुसऱ्या खेपेला?"

"तेव्हाही जरा हसलीच. पण तिसऱ्यांदा बघ, स्वच्छ कौल दिला."

"तिसऱ्यांदा कंटाळली असेल ती! माणूस मेलं तरी त्याला छळायचं सोडत नाही तुम्ही."

अंकल तिओंनी हात झटकले. "हे बघ सिम, ताइ सू या देवांना सांगून झालंय. मागे घ्यायचं असेल तर तूच सांग त्यांना. मी नाही बुवा."

गेक सिमने वर बघितलं. कागदी देवाचे बटाट्याएवढे डोळे तिच्यावर रोखलेले होते. तिने नजर खाली घेतली. आणि खरं सांगायचं तर तिला नुसती भीतीच वाटत होती असं नाही. तिला गायचं होतं. पन्नाशी उलटली होती, आवाज आणखी चार-पाच वर्षं साथ देईल, आणि जन्मभर जे गाणं आतल्या आत गायलं ते एकदा तरी मोठ्याने गायल्याशिवाय आवाज गेला असता, तर तिने आईला कधीच माफ केलं नसतं.

मंचामागे मानोलो मास्तर कीबोर्डची वायर जोडत बसले होते. मास्तर मूळचे फिलिपाइन्सचे. तरुणपणी बँडबरोबर पिनांगला आले, इथलीच बायको केली आणि इथलेच झाले. आईच्या मागे त्यांनी वर्षानुवर्षं हे गाणं वाजवलं होतं. त्यांनी सुरुवातीचे सूर धरले आणि गेक सिम येरझारा घालू लागली. बसली, उठली, पाणी प्यायली, पुन्हा उठली.

"खुर्चीत विंचू आहे का?" मास्तर म्हणाले. "बस की जरा."

"मास्तर, ती येईल हो."

"आली तर येऊ दे. माझी चूक काढायला तरी कुणीतरी हवंच आहे." मास्तरांची बोटं थांबली नाहीत. "ऐक, एक गंमत सांगतो. आमच्या गावी हे गाणं लग्नात वाजतं."

"काहीतरीच! विरहाचं गाणं आहे हे."

"ते तुमच्याकडे. आमचे शब्द वेगळे. त्यात नदी नाही, दिवा नाही. कोंबडा आहे. नवरा-नवरी त्यावर नाचतात. सायगावला एकदा ऐकलं, तर तिथे सैनिक आईला हाक मारतोय. आणि प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो, हे आमचंच."

"हे आईला सांगितलं होतंत?"

"वेड लागलंय का? मला नोकरी टिकवायची होती."

गेक सिमला हसू आलं, पण ती खुर्चीत काही बसली नाही.

दिवेलागणीला माणसं जमली. लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या भराभर भरल्या, फक्त पहिली रांग तेवढी नेहमीप्रमाणे रिकामी. ती रांग गेलेल्यांची. तिथे जिवंत माणसाने बसायचं नसतं. दोन विनोदी नकला झाल्या, एका पोरीने चकचकीत कपड्यांत उड्या मारून घेतल्या, आणि मग गेक सिमचं नाव पुकारलं गेलं. ती पायऱ्या चढत असताना मागून कुणीतरी "सिम! अगं सिम!" अशी हाक मारली. या महिन्यात मागून हाक आली की वळायचं नसतं. ती वळली नाही, आणि म्हणूनच पाठीचा हूक उघडा ठेवून ती दिव्यांच्या झोतात गेली.

पहिलं कडवं तिने डोळे मिटून गायलं. सूर लागला. तिने डोळे उघडले आणि पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, आई बसलेली होती.

बारीक अंगकाठी, पांढऱ्या केसांचा आवळलेला अंबाडा, ताठ कणा, हनुवटी वर. हातातला पंखा गुडघ्यावर ताल धरून आपटत होता, गाणाऱ्याची चूक पकडायला बसल्यासारखा. दिव्यांमुळे चेहरा नीट दिसत नव्हता. दिसायची गरजही नव्हती.

दुसरं कडवं गेक सिमच्या डोक्यातून पार पुसलं गेलं. मास्तरांनी तेवढेच सूर पुन्हा वाजवले, मग पुन्हा. बाजूला अंकल तिओ खांबाला धरून उभे होते आणि त्यांचाही चेहरा पांढराफटक पडला होता. तिला वाटलं, आता ती उठणार. हातात ओला टॉवेल घेऊन पायऱ्या चढून वर येणार.

बाई उठली नाही. तिने मान डोलावली आणि दुसरं कडवं स्वतःच गायला सुरुवात केली. मोठ्याने, थोडं चढ्या सुरात, अगदी मनापासून. चाल तंतोतंत तीच होती. पण शब्द आपल्या चिनीतले नव्हते. जपानी होते.

गेक सिमला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ही आई नव्हती. आई आलीच नव्हती. दिवसभर जिच्या धास्तीने तिला धड बसवत नव्हतं, तिने यावं, इथे बसावं, हवं तर तोंड वाकडं करावं पण एकदा शेवटपर्यंत ऐकावं, एवढ्यासाठीच आपण आज मंचावर चढलो, हे तिला तेव्हा कळलं.

आणि मग तिला राग आला. मानोलो मास्तरांच्या गावाने गायलं, सायगावने गायलं, ही बाई बसल्या जागी गातेय. कुणी नदीच्या जागी कोंबडा घातला, कुणी आणखी काही. युए हुंगची परवानगी मागायला यातला एकही जण आला नव्हता. परवानगी मागितली होती एकट्या तिच्या लेकीने, आणि नकारही एकटीच्याच वाट्याला आला होता.

आता मागचे लोकही जुन्या सवयीने गाऊ लागले, आईच्या शेवटच्या वर्षांत गायचे तसे. गेक सिमने हात वर केला. "आज नको," ती माइकमध्ये म्हणाली. "आज मला गाऊ द्या." लोक थांबले. पहिल्या रांगेतल्या बाईला शब्द कळले नसावेत, पण हात कळला, तीही थांबली.

शेवटचं कडवं गेक सिम एकटी गायली. गोड नाही गायली. आई प्रत्येक ओळ मधाचं बोट लावल्यासारखी सोडायची. हिने भांडल्यासारखी गायली, पलीकडच्या तीरावर ऐकू जायलाच हवं अशी. शेवटच्या सुराला आवाज चिरकला. तो तिने तसाच ठेवला. टाळ्या वाजल्या त्या थांबेनात.

ती खाली उतरली तेव्हा पहिल्या रांगेपाशी घोळका जमला होता. अंकल तिओ समितीच्या माणसांवर ओरडत होते, "बसलेली दिसत होती तर उठवली का नाही?"

"आम्हाला वाटलं आम्हालाच दिसतेय!" त्यातला एक म्हणाला. "तुम्ही का नाही उठवली?"

"मलाही तसंच वाटलं," अंकल तिओ एकदम आवाज खाली आणून म्हणाले.

उसाच्या रसाचे दोन पेले सांभाळत एक म्हातारा गर्दीतून वाट काढत आला. तो त्या बाईचा नवरा होता. निवृत्तीनंतर दोघं जपानहून इथे समुद्राजवळ राहायला आली होती आणि नोकरीपायी त्याला मोडकीतोडकी चिनी येत होती. त्याच्यामार्फत बाई म्हणत होती, हे तिच्या आईच्या वेळचं जपानी गाणं आहे, इथे चिनी लोकांनी ते इतकं छान उचललेलं पाहून तिला भरून आलं. मानोलो मास्तरांनी गेक सिमकडे बघून एक भुवई उंचावली.

मग कुणीतरी त्या म्हाताऱ्याला रिकाम्या रांगेचा अर्थ समजावून सांगितला आणि त्याने तो बायकोला सांगितला. बाई तटकन उठली. खुर्चीला वाकून नमस्कार, अंकल तिओंना नमस्कार, गेक सिमला नमस्कार. कमरेत वाकणं थांबेना. शेवटी तिने अगदी बारीक आवाजात नवऱ्याला काहीतरी विचारलं.

"ती विचारतेय," म्हातारा संकोचून म्हणाला, "तिने कुणाची जागा अडवली?"

सगळे गेक सिमकडे बघू लागले.

"कुणाची नाही म्हणून सांगा त्यांना," गेक सिम म्हणाली. "ती यायची नव्हतीच. दुसऱ्यांची गाणी ऐकत बसायला तिला कधी आवडायचं नाही."

म्हाताऱ्याने ते आपल्या भाषेत सांगितलं. तो सांगत असतानाच गेक सिमला आपण काय बोललो ते कळलं, आईचं गाणं तिने नकळत दुसऱ्याचं म्हटलं होतं, आणि मार्चपासून पहिल्यांदाच ती आईसाठी रडली.